टँकर आज नाही उद्या येईल

मराठी बुडाल्याची बातमी हल्ली मोबाइलवरच येते. ग्रुपवर कोणी ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ वाहिली, की शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांना गेलेल्या माणसापेक्षा ‘पु’चे दुःख अनावर होते. या मंडळींना जव्हार-मोखाड्यातला एखादा निरोप वाचायला द्यावा. दिवाळी झाली की इथली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि तिथून घरी येणारा निरोप साधारण असा असतो : ‘शनिवारी निघतो पोराला वही घेतली खोडाळ्याची शेवटची गाडी किती वाजता आहे आईची तब्येत कशी आहे’. ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह. तरी वाचणारा कुठेही अडखळत नाही, कारण मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते. ‘निघतो’ आला, एक वाक्य मिटले. ‘घेतली’ आली, दुसरे मिटले. ‘किती’ आणि ‘कशी’ हे प्रश्न विचारतच येतात, त्यांच्यामागे आकडा लावला नाही म्हणून कोणी उत्तर द्यायचे थांबत नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगायला अवतरणचिन्हेही लागत नाहीत, ‘म्हणे’ आहे. ‘रस्ता मंजूर झाला म्हणे’ यात बातमी आली, बातमी देणारा आला आणि त्याच्यावर आपला किती भरवसा आहे तेही आले. एवढे काम करणारे चिन्ह अजून कोणत्याही छापखान्यात पाडलेले नाही.

ज्या चिन्हांसाठी गळे काढले जातात, ती तरी कुठे ज्ञानदेवांपासूनची आहेत? मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहून ती आपल्याला समजावून दिली. फौजेतल्या माणसाला मराठी वाक्याने जागोजागी ‘विश्राम’ करावा असे वाटणे साहजिकच. त्याआधी कारभार मोडीत चाले. मोडीत ना विरामचिन्हे, ना शब्दांत अंतर, ना ऱ्हस्व-दीर्घाचा काच. जमिनीच्या वादात आजही असे मोडी कागद वाचून घ्यावे लागतात. त्यांत स्वल्पविराम नाही म्हणून कोणी दावा सोडून घरी गेल्याचे ऐकिवात नाही. पुढे 1962 मध्ये साहित्य महामंडळाचे 14 नियम सरकारने स्वीकारले, 1972 मध्ये चारांची भर पडली. त्यांत न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘गांव’चे ‘गाव’ झाले. गावात फरक पडला नाही, पण जन्मभर टिंब देत आलेले गुरुजी एका रात्रीत अशुद्ध ठरले. याच नियमांनी पात्रांच्या तोंडी ‘केलं’, ‘सांगितलं’ अशी बोलती रूपे चालवून घेतली आहेत. आता व्हॉट्सॲपवर संवादाखेरीज असते काय? तिथला प्रत्येक जण पात्रच आहे, काही तर अस्सल.

बरे, निरोप लिहिणारी ही मंडळी चिन्हे वापरतच नाहीत असेही नाही. ‘ठीक आहे’ म्हणजे ठीक आहे. पण ‘ठीक आहे.’ असा टिंब देऊन निरोप आला, तर समोरचा रागावलाय हे शाळेत न गेलेल्यालाही कळते.

यावर आक्षेप येईल, की चिन्हाविना अर्थाचा अनर्थ होतो. होतो. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर एप्रिलमध्ये निरोप आला, ‘टँकर आज नाही उद्या येईल’. ‘नाही’नंतर स्वल्पविराम असेल तर उद्याचे वचन मिळाले, नसेल तर ‘कधी तरी येईल’ एवढाच दिलासा. व्याकरणदृष्ट्या फरक जमीन-अस्मानाचा आहे. हंड्याच्या दृष्टीने तो अजून सिद्ध व्हायचा आहे. तरीही जो मजकूर अनेकांनी वाचून त्यावर विसंबायचे, मग ती लसीची तारीख असो की गोळ्यांचे प्रमाण, तिथे चिन्हे हवीतच. हा आक्षेप मान्य. दुसरा मान्य नाही. पोरे बिघडतात म्हणे. घरात वारली किंवा कोकणा बोलणारे पोर शाळेतली मराठी शिकते आणि रेंजसाठी टेकडी चढून त्याच मराठीत आपण होऊन निरोप धाडते. त्याला ‘दुसर्या’ नव्हे ‘दुसऱ्या’ हे जरूर सांगावे, पण आधी निरोपाला उत्तर द्यावे.

आणि लाल शाई उरलीच, तर ती त्याच पाड्याच्या अर्जाला आलेल्या सरकारी उत्तरावर वापरावी. ‘सदर प्रकरणी, उपलब्ध निधीच्या अधीन राहून, उचित कार्यवाही करण्यात येईल.’ स्वल्पविराम जागच्या जागी, ऱ्हस्व-दीर्घ चोख, पूर्णविराम ठसठशीत. नाही तो फक्त कर्ता. कार्यवाही कोण करणार, कधी करणार, उचित म्हणजे किती, हे विचारायची सोय कर्मणी प्रयोगाने ठेवलेली नाही. भट्टीवरच्या माणसाने ‘निघतो’ लिहिले तेव्हा निघणारा कोण हे न सांगता कळत होते, वारही दिला होता. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी ‘करण्यात येईल’च्या मागे एकदा एखाद्या साहेबाचे नाव लिहून तो कागद टपालाने परत पाठवून पाहावा. पोच येईल. ती देण्यात येईल.