दाणे निळे आहेत ना?

जुनी लेन्स सांभाळणारा एक माणूस प्रत्येकाच्या नशिबी असतो. माझ्या वाट्याला आलेत बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटचे भाऊ. त्यांच्याकडे कॅननची दोनशे मिलिमीटर, एफ 1.8 आहे. 1988 साली बाजारात आलेलं मॉडेल, वजन तीन किलो. कंपनीने ते बंद केलं आणि 2008 साली त्या जागी दुसरी लेन्स आणली. भाऊंनी त्या सवतीचं तोंडही पाहिलं नाही.

आपली लेन्स त्यांनी मुंबईच्या बोरा बाजारातून उचलली. दुकानदाराने मागवलेल्या चहावर साय धरली, तरी भाऊ टॉर्च मारून काचेत डोळा घालून बसलेले. बुरशीचं जाळं आहे का, ॲपर्चरच्या पात्यांना तेल लागलंय का, आत धुरकटपणा आलाय का! मग माउंटवरचा कोड त्यांनी पत्रिकेसारखा वाचला. 'यू' म्हणजे उत्सुनोमियाचा कारखाना, पुढचं अक्षर साल, त्यापुढे महिना. "ई! नव्वदची आहे, मे महिन्यातली!" दुकानदार म्हणाला, "काका, विकत घेताय की सून करून नेताय?"

घरी ती हवाबंद डब्यात बसली, सोबत सिलिका जेल. दाणे कोरडे असले की निळे, ओल धरली की गुलाबी. झालं! भाऊंच्या जगात तेवढे दोनच रंग उरले. मे महिन्यात बुऱ्हाणपुरात माणसं सावली शोधत फिरतात, तेव्हाही भाऊ विचारणार, "दाणे निळे आहेत ना?" गुलाबी झालेले दाणे ते तव्यावर भाजतात. वहिनींनी अखेर त्यासाठी वेगळा तवा काढून दिला आणि त्यावर खडूने 'विष' असं लिहिलं. मुलीसाठी जळगावचं स्थळ आलं, तर भाऊंनी मुलाचा पगार विचारला नाही. "पावसाळ्यात तुमच्या भिंतींना ओल येते का हो?" पाहुणे मावा जिलेबी खाऊन उठले, तर यांची नजर त्यांच्या चिकट बोटांवर. शेजारच्या मयतीला गेले आणि स्मशानातून घरी फोन, हळू आवाजात, "दाणे?"

बरं, फोटो काढतील तर शपथ! या लेन्सची फोकसची रिंग विजेवर चालते. कॅमेरा बंद असला की नुसतीच फिरते. मोटर गेली तर सुटे भाग मिळायचे नाहीत. म्हणून मोटर झिजवायची नाही.

अपवाद फक्त होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भगोऱ्या हाटाचा. उन्हं कलली की भाऊ डबा उघडतात. एफ 1.8 मुळे मावळतीच्या उजेडातही चेहरा स्वच्छ येतो, आणि लांबून टिपल्यामुळे माणूस अवघडत नाही. पुढच्या बाजारांत चेहरे ओळखून ते प्रिंट हातात ठेवतात. पैसे घेत नाहीत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पाड्यावरच्या एका बारेला आदिवासी बाईने भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो दाखवला, तेव्हा कळलं. नवरा वारला होता, आणि त्याचा तेवढा एकच फोटो होता. हलक्या लेन्सा पुष्कळ मिळतात, पण तीन किलोचं ओझं गळ्यात घालून हाटात उभा राहणारा माणूस मिळत नाही.

तुमच्या घरी आजोबांची लेन्स असेल तर ती पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला ते फार मानवतं. हवाबंद डबा घ्या, दाणे घाला. आणि कृपा करून भाऊंना कळवू नका. ते टॉर्च घेऊन येतील, आणि जेवायला थांबतील.