दाजींसोबत मासे खाण्याचे नियम

श्रीगोंद्याचा माणूस मासे खायला निघाला, की काष्टी, दौंड मागे टाकत उजनीच्या काठी भिगवण गाठतो. रस्ता सोपा आहे, अवघड असतात ते सोबतचे दाजी. त्यांच्यासह जेवून सुखरूप परतू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन.

एक. आधी वार बघावा. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी आणि अख्खा श्रावण वजा जाता जो दिवस उरतो, त्या दिवशी सगळा तालुका भिगवणलाच असतो.

दोन. चिलापीला दाजी ‘आपला गावरान मासा’ म्हणतात, म्हणू द्यावं. मुळात ती आफ्रिकेची. भारतात आली १९५२ साली. उजनी धरणही पुरं झालं १९८० मध्ये, मग गावरान कुठली? मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पोरं जगतात आणि खानदान वाढतं. एवढं ऐकून दाजी विचारतात, “मिरची तरी आपली ना?” मिरचीही अमेरिका खंडातली. पण तोवर रस्सा आलेला असतो. गप्प बसावं.

तीन. मासा निवडण्याचा मान दाजींचा. ते तो हातावर तोलून मान हलवतात. आपण हळूच कल्ला उचलावा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर, स्वच्छ हवा; अंग बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून यायला हवा. मरळ मात्र जिवंतच मागावी. ती हवेतूनही श्वास घेते आणि पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, त्यामुळे मेलेली विकणाऱ्याला सबबच उरत नाही.

चार. राहू खाताना बोलू नये. त्याच्या मांसात दुफाटी बारीक काटे विखुरलेले असतात, आणि दाजींना नेमकं तेव्हाच साखर कारखान्याचं राजकारण आठवतं. वैताग येतो. तरी भाच्यांच्या ताटातले काटे वेचून देतात तेच, आपली भाकरी गार होईपर्यंत.

पाच. बिलाला हात लावू नये. भांडण होतं.

सहा. कोकणचा पाहुणा ‘गोड्या पाण्याचा मासा म्हणजे चिखल’ असं म्हणणारच. वास असतो, पण मीठ, हळद, लिंबू चोळून ठेवलेले तुकडे धुऊन घेतले की बराचसा जातो. तरी ऐकत नसेल तर अमेरिकेतलं लुइझियाना सांगावं. तिथले काजुन लोक दलदलीतल्या क्रॉफिशवर आणि नदीतल्या कॅटफिशवर तुटून पडतात. तिथल्या गंबो नावाच्या रश्शाला दाटपणा यायला भेंडीही घालतात. हे शेवटचं दाजींच्या कानावर जाऊ देऊ नये. रश्शात भेंडी म्हटल्यावर ते पाहुण्यालाच घराबाहेर काढतील.

सात. निघताना दाजी दोन किलो मासे जास्तीचे घेतात, “घरी करू.” घरी अक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ. म्हणजे पातेलं वेगळं, चूल गोठ्यापाशी आणि आचारी स्वतः दाजी. रस्सा ते झकास करतात, पण साफसफाई पाहुण्यांवर टाकतात. तेव्हा खवले भिगवणलाच काढून घ्यावेत.