डब्लिनच्या ॲडमिनसाहेबांस अनावृत पत्र

माननीय ॲडमिनसाहेब,


'विषयाला धरून बोला, राजकारण नको, फॉरवर्ड नको' हा आपला ताजा फतवा वाचून अतीव दुःख झाले. कॅलिफोर्नियातल्या या डब्लिनमध्ये, बार्ट रेल्वेची निळी लाइन जिथे संपते तिथे, मराठी माणसाला भांडायला हक्काची जागा उरली आहे ती आपल्या या व्हॉट्सॲप ग्रुपचीच. शेजाऱ्याशी भांडावे, तर तक्रार एचओएकडे, म्हणजे घरमालकांच्या संघाकडे करायची, तीही लेखी! त्यात मजा ती काय?

परवा एका नवख्या ताईंनी मोदकाची पिठी कुठे मिळेल, एवढेच विचारले. लगेच रत्नागिरीकरांनी निवाडा दिला : मोदक म्हणजे उकडीचेच. तळणीच्या मोदकांचा हा अपमान नागपूरकरांना सोसवला नाही. तिथून गाडी मराठी अस्मितेवर आणि पहिलीपासूनच्या हिंदीवर गेली. ज्यांची मुले इथल्या शाळेत स्पॅनिश घेतात, तेच सर्वांत पुढे. महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी रद्द केले. आपल्या ग्रुपने अजून केलेले नाहीत. पिठीचे काय झाले, कुणास ठाऊक.

थोडा दोष घड्याळाचाही आहे. उन्हाळ्यात पुणे आपल्यापुढे साडेबारा तास. तिकडच्या काकांनी सकाळच्या चहाबरोबर सोडलेला फॉरवर्ड इथे पोहोचतो संध्याकाळी, नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसांच्या हाती.

आपण उपाय कमी केले नाहीत. अवांतर गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढलात; आता लोक कारपूल तिथे ठरवतात आणि भांडायला मुख्य ग्रुपवर येतात. मेसेज डिलीट केलेत, तर त्यात काय होते यावर रात्रभर चर्चा. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये गुपचूप ग्रुप सोडायची सोय केली, सूचना फक्त ॲडमिनला जाईल अशी. आपल्या माणसाला ती मानवत नाही. आधी निरोपाचे भाषण, मग तीन जणांचे 'थांबा हो', मग प्रस्थान, आणि तिसऱ्या दिवशी आपल्याला खासगीत : 'जरा परत ॲड करता का?'

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की संगनमत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कोर्टाने सोडले, साहेब. ग्रुपवरच्या काकू सोडणार नाहीत.

चेष्टा पुरे. गेल्या दिवाळीत आपण दोघा भांडखोरांना वेगवेगळा फोन केलात आणि वाद तासाभरात मिटला. चारचौघांत माघार घ्यायची लाज वाटते, फोनवर वाटत नाही. नियमांच्या तीन याद्यांनी जे साधले नाही, ते दोन फोनांनी साधले. तेव्हा चौथी यादी राहू द्या, फोन लावा. नोकरी सांभाळून हे एकट्याला झेपणारे नाही, म्हणून जोडीला आणखी एक ॲडमिन नेमा. फक्त त्याची निवडणूक ग्रुपवर घेऊ नका.

कळावे, लोभ असावा.
आपला,
ग्रुप अद्याप म्यूट न केलेला एक सभासद