पाण्याचा पेला आणि इतर आक्षेप

आमच्या घराण्यात एक अलिखित नियम आहे. जो जितका लांब राहतो, त्याची मतं तितकी ठाम. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्यामुळे आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पुढचे तीन महिने तिला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं, तेव्हा केंद्र कसं असावं हे त्याने सांगितलं आणि शोधायला मी गेलो. "तू ३४ वर्षं ऑडिटमध्ये काढलीस, तूच बघ," म्हणाला. आता यावर काय बोलणार?

पहिली अडचण शब्दाची. शेजाऱ्यांना म्हटलं, एखादं चांगलं नर्सिंग होम सांगा. त्यांनी बाळंतपणाच्या दवाखान्याचा पत्ता दिला आणि सूनबाईंची चौकशी केली. मला सून नाही. पण दोष शेजाऱ्यांचाही नाही. आपल्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातच आजारी, जखमी, अशक्त आणि बाळंतीण एका व्याख्येत बसवलेले आहेत. शेवटी तीन केंद्रं पाहिली. खाट एकाच ठिकाणी रिकामी होती, त्यामुळे निवड पूर्णपणे निःपक्षपाती झाली.

तेवढ्यात आतेभावाने तिकडची पद्धत लिहून पाठवली. अमेरिकेत अशा केंद्रांसाठी १९८७ साली कायदा झाला. २००८ पासून सरकार त्यांना एक ते पाच तारे देतं : तपासणीत काय आढळलं, माणसं किती, आणि रुग्णांची प्रकृती कशी राहिली यावरून. तपासणीला येणारा न कळवता येतो. हे वाचून मला गहिवरून आलं. आमच्या खात्यात दौऱ्याचा कार्यक्रम पंधरा दिवस आधी जायचा आणि साहेबांना तिखट चालतं का, अशी विचारणा उलट टपाली यायची. शिवाय तिकडे माणसांचे आकडे आधी केंद्रच कळवायचं, ते पुढे पगारपत्रकावरून घेऊ लागले. पगारपत्रक! ज्याने कुणी हे सुचवलं तो आमच्यातलाच असणार.

मग मीही न कळवता गेलो. वॉचमनने अडवलं. भेटीची वेळ चार ते सहा. वहीत 'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'तपासणी' लिहिलं. त्याने ते खोडून 'भेट' केलं आणि स्वतःची सही ठोकली. खाडाखोडीवर सही हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आत गेल्या गेल्या माशांची टाकी आहे. मासे उत्तम स्थितीत आहेत, त्यांचं पाणी वेळेवर बदललं जातं. तसा बोर्डच लावला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चहा घ्या तोवर.

आत्याच्या पाण्याचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला असतो. स्टीलचा, वर झाकण, स्वच्छ, काठोकाठ भरलेला. खाटेपासून अंतर ४१ इंच. आत्याचा हात २६ इंच. (टेप मी घरून नेली होती.) म्हणजे १५ इंचांची तूट. सकाळी भरलेला पेला संध्याकाळीही भरलेलाच असतो आणि राउंडला आलेल्या सिस्टर भरलेला पेला बघून समाधानाने पुढे जातात. आत्या प्यायली असती, तर पेला रिकामा दिसला असता आणि हलगर्जीपणाचा ठपका आला असता. सदर व्यवस्थेत कुणावरही ठपका येत नाही. एक आत्याच काय ती तहानलेली.

तिने बेल वाजवावी, असं तुम्ही म्हणाल. बेल आहे. उशामागच्या भिंतीवर, बाहेरून आलेल्या धडधाकट माणसाला सोयीच्या उंचीवर. मी ती दाबली आणि घड्याळ लावलं. अकराव्या मिनिटाला ब्रदर आला. "काका, काय होतंय?" म्हणत त्याने मला खुर्चीत बसवलं आणि माझंच बीपी मोजलं. १५०-९०. बेलच्या आधी किती होतं, याची नोंद उपलब्ध नाही.

आणि मग मला तो तक्ता दिसला. पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांवर जखमा होतात. त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. म्हणून खाटेच्या पायथ्याशी तक्ता : वेळ, कूस, सही. आत्याचा तक्ता देखणा होता. एक पेन, एक अक्षर, एकाच कलाची सही. आमच्या लाइनीत एवढा देखणा कागद दिसला की पोटात गोळा येतो. मी शेवटची ओळ वाचली. संध्याकाळी सहा वाजता रुग्ण डाव्या कुशीवर. तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि रुग्ण खुर्चीत बसून चकली मागत होता.

मॅनेजरबाईंना दाखवलं. त्या जराही गोंधळल्या नाहीत. "काका, संध्याकाळी गडबड असते ना, म्हणून आधीच भरून ठेवतो." रस्ता होण्याआधी रस्त्याचं बिल मी पाहिलेलं आहे. पण इतका प्रांजळ खुलासा ३४ वर्षांत मिळाला नव्हता.

मग त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. पाच तोंडं छापलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. प्रश्न असे : स्वागतकक्ष कसा वाटला? पार्किंग? चहा? खाली नातेवाइकाची सही. रुग्णाला काय वाटतं, याला रकाना नाही. रात्री बारा खाटांना एकच मावशी असते. तीही माऊली मध्यरात्री आत्याची जुनी शाळा ऐकत तिचे पाय चेपते. हे लिहायलाही कुठे जागा नाही. आत्या मुख्याध्यापिका होती. तिने फॉर्म मागून घेतला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका लाल पेनने काढल्या आणि वर शेरा मारला : 'पालकांस भेटावयास पाठवावे.'

मी मात्र रीतसर अहवाल दिला. १४ पानं, २२ आक्षेप, मोजमापाचं परिशिष्ट. आतेभावाला प्रत पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

तीन आठवड्यांनी अनुपालन आलं, तेही लेखी. आक्षेप क्रमांक १ निकाली. मी समक्ष जाऊन खात्री केली. आत्याजवळ आता छोटं टेबल आहे. त्यावर पेला, झाकणासह. अंतर १८ इंच, खाटेच्या उजव्या बाजूला.

आत्या डावखुरी आहे.