दार बंद आहे

दारवाल्यांना तुम्ही ओळखता. एडिसन, डॅलस, फ्रीमाँट, गाव कुठलंही असो, तिथल्या मराठी गोतावळ्यात एक दारवाले असतातच. आमचे एडिसनचे. गणपतीत मंत्रपुष्पांजली चाललेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि यांचे फोनवर. मग शेजारच्याच्या कानाशी लागून, ‘बंद आहे.’

‘काय?’

‘गराजचं दार.’

हेच डोहाळजेवणात, हेच कुणाच्या लेकीच्या अरंगेत्रमला. एकदा मयताला गेलो होतो तिथेही. आवाज तेवढा खाली होता. आता भेटलं की आम्हीच ‘दार?’ असं विचारतो. ते फोन काढतात, बघतात आणि मगच ‘बंद’ म्हणतात. न बघता उत्तर देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

आत राखण्यासारखं काय, तर बासमतीची पोती, तीन मेलेले प्रिंटर आणि थर्माकोलचं मखर. गाडी बाहेर, बर्फात.

दाराच्या मोटारीच्या कंपनीच्या ॲपवर त्यांचा भरवसा नाही. 2023 साली एका बड्या कंपनीने बाहेरच्या प्रणालींना मज्जाव केला, तेव्हा घरात सुतक आल्यासारखा चेहरा करून फिरत होते. त्यांचं सगळं होम असिस्टंटवर. 2013 पासून हौशी मंडळींनी वाढवलेली ही फुकट प्रणाली रास्पबेरी पाय नावाच्या एका चिमुकल्या संगणकावर, देवघराखालच्या कप्प्यात चालते. मोटारीच्या बटणाच्या वायरींना एक रिले जोडला, की फोनवरून बटण दाबता येतं. पण जुन्या मोटारीचं बटण एकच. दार उघडं असलं तर ते मिटतं, मिटलेलं असलं तर उघडतं. म्हणून दार खरोखर कुठे आहे हे कळायला दाराला लोहचुंबक आणि चौकटीला त्याची चाहूल लागणारा रीड स्विच. आणि वर नियम : रात्री दहानंतर दार उघडं दिसलं, तर दर पाच मिनिटांनी बटण दाब, बंद होईपर्यंत.

जानेवारीत लोहचुंबकाचा डिंक सुटला.

मिटलेलं दार प्रणालीला उघडं दिसू लागलं. तिने बटण दाबलं, दार उघडलं. पाच मिनिटांनी पुन्हा दाबलं, मिटलं. लोहचुंबक जमिनीवर, तेव्हा प्रणालीचं समाधान होणार कसं? त्यातून माणूस समोर नसताना दार हलवायचं तर आधी दिवा लुकलुकला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे, हा अमेरिकेतला सुरक्षेचा दंडक त्यांनी इमानेइतबारे पाळलेला. अख्खी गल्ली पायजम्यात बाहेर आली. हे मात्र वरच्या मजल्यावर गाढ झोपेत. वहिनींनी सॉकेटमधून प्लग उपटला आणि पुन्हा जाऊन झोपल्या. त्या एरवीही पुढच्या दाराने किल्लीनेच ये-जा करतात.

पण आमच्या गराजची स्प्रिंग तुटून दार अधांतरी अडकलं, तेव्हा रात्री साडेअकराला हाच गृहस्थ शिडी घेऊन हजर. ‘लाल दोरीला हात लावू नका! दाराचा भार स्प्रिंग पेलते, मोटार नुसती ढकलते. दोरी ओढाल तर दार मोटारीपासून सुटून अंगावर येईल.’ दोन्ही रुळांवर चिमटे आवळले, दाराखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि मेकॅनिक येईपर्यंत कुडकुडत उभे राहिले. मध्येच फोन बघितला. ‘बंद आहे.’ त्या रात्री मला ते ऐकून बरं वाटलं, हे त्यांना सांगायची सोय नाही.

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मला सगळे नियम दाखवले. त्यातला एक : रात्री अकरानंतर गराज उघडलं, की स्वयंपाकघरातला दिवा लाव. मुलगा शाळेत असताना मित्रांकडून उशिरा यायचा, भुकेला. तो सिअ‍ॅटलला जाऊन बरीच वर्षं झाली.

‘मग काढून का नाही टाकत?’

‘चालतोय ना? चालणाऱ्या नियमाला हात लावू नये.’

वहिनींचं म्हणणं, आता त्या दिव्याखाली मंडळाच्या मीटिंगहून उशिरा परतलेले हेच उभे असतात. फ्रीजमधली सकाळची पोळी गूळ-तुपाशी खातात आणि सकाळी विचारलं, तर फोन दाखवून सांगतात, लॉगमध्ये तशी नोंद नाही.