फेनरीरचा घास

देवांनी केलेल्या फसवणुकींची यादी काढलीच, तर नॉर्स देवांनी फेनरीर नावाच्या लांडग्याशी केलेला व्यवहार मी सगळ्यात वर ठेवीन. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं तो लिहून ठेवलाय. फेनरीर हा लोकी या कपटी देवाचा मुलगा. भाऊ पृथ्वीला वेटोळं घालून बसलेला सर्प, बहीण मृतांच्या राज्याची मालकीण. घराणं असं, म्हणून देवांनी हे पिल्लू आपल्या नजरेसमोरच वाढवलं. ते एवढं वाढलं की त्याला खायला घालायची हिंमत एकट्या टीर या देवाला उरली.

मग ‘तुझी ताकद तरी बघू’ असं गोड बोलून त्याला बांधायचा बेत झाला. दोन जाडजूड बेड्या त्यानं तोडल्या. शेवटी बुटक्या कारागिरांकडून रेशमासारखी मऊ फीत बनवून घेतली. तिचा कच्चा माल असा: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. (आमचा वाणी ‘अस्वलाचं संपलंय, बाकीचं संध्याकाळी पाठवतो’ म्हणाला असता.)

लांडगा काही खुळा नव्हता. ‘कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, तारण म्हणून,’ म्हणाला. टीरनं ठेवला. फीत तुटेना तेव्हा सगळे देव हसले. टीर हसला नाही. त्याचा हात गेला होता. मी बँकेच्या कर्जविभागात आयुष्य काढलंय, पण तारण इतक्या तत्परतेनं वसूल झालेलं पाहिलं नाही. बांधलेला फेनरीर पुढे रॅग्नारॉकच्या, म्हणजे जगबुडीच्या लढाईत सुटतो आणि खुद्द देवांच्या राजाला, ओडिनला गिळून हिशेब चुकता करतो.

हे मी भाच्याला सांगायला लागलो, तेव्हा तो ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हा २०२२चा गेम सुरू करत होता.

“मामा, प्लीज, स्पॉयलर नको!”

आठशे वर्षांपूर्वीच्या पोथीचा स्पॉयलर! मी गप्प बसून पडद्यावर अक्राळविक्राळ जबड्याची वाट बघू लागलो. निघाला काय, तर एक आजारी, पाळीव लांडगा. तो एट्रियस नावाच्या पोराच्या मिठीत सुरुवातीलाच मेला. हा एट्रियस म्हणजेच या गेममधला लोकी. बापाचा मालक झाला आणि जगबुडी आणणारं पोर पाळीव झालं. निकालाच्या दिवशी ज्याचा चेहरा हलला नव्हता, तो माझा भाचा नाक ओढत होता.

पुढे कळलं, की फेनरीरचा आत्मा नकळत पोराच्या सुरीत जाऊन बसला होता. तो मग गार्म नावाच्या राक्षसी श्वापदाच्या देहात शिरतो. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता जबडा मिळाला, ओडिनचं काही खरं नाही. पण शेवटी ओडिनचा आत्मा एका गोटीत कोंबतात आणि ती गोटी हातोड्यानं फोडतो कोण, तर सिंड्री नावाचा बुटका कारागीर! पोथीत बुटक्यांच्या फितीनं बिचाऱ्या फेनरीरला बांधलं, गेममध्ये बुटक्यानं त्याच्या तोंडचा घास पळवला.

गेम देखणा आहे, जरूर खेळा. फक्त सुरुवातीला रुमाल जवळ ठेवा आणि मामाला दुसऱ्या खोलीत बसवा.