सीएसएम, म्हणजे आपलं मूर्तिजापूर

मशीन चालू होताना डिलीटचं बटण टपटप दाबण्यात जो रुबाब आहे, तो आमदारकीत नसावा. पडद्यावर बायोस आलं की मी चष्मा कपाळावर चढवतो आणि नुसतं "हं" म्हणतो. या "हं"वर यवतमाळातल्या आमच्या गल्लीत माझी निम्मी इज्जत टिकून आहे.

परवा छापखानेवाल्या अण्णांचा पोरगा आला. "काका, नवं मशीन जुनी डिस्क घेऊनच नाही राह्यलं. काहून बाप्पा?" डिस्कवर बत्तीस बिटांचं विंडोज सेव्हन, त्यात अण्णांचं जुनं मराठी टायपिंग. "सिक्युअर बूट बंद कर, सीएसएम चालू कर," मी फर्मावलं. पोरगा बघतच राहिला. मग समजावणं आलं, आणि समजावणं आलं की माझी शकुंतला सुटते.

शकुंतला म्हणजे आमची जुनी रेल्वेगाडी. यवतमाळहून अडीच फुटी रुळांवरून निघायचं, मूर्तिजापूरला बोचकी उचलून ब्रॉडगेजच्या फलाटावर जायचं. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. देश स्वतंत्र झाला, तरी रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. आजोबा म्हणत, शकुंतलेला उशीर का झाला ते स्टेशनमास्तरला विचारू नये, रुळावरच्या म्हशीला विचारावं. तर सीएसएम म्हणजे हे मूर्तिजापूर. बायोसच्या काळातली जुनी एमबीआर डिस्क इथे उतरते आणि बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या गाडीत बसते. शिवाय आजोबांच्या डब्यात एकदा...

"काका, मूर्तिजापूर आलं का?" पोरानं विचारलं.

आलं. विंडोज उठलं. पोरानं पहिली उघडली ती त्याच्या आईच्या तेरवीची पत्रिका, अण्णांनी स्वतः जुळवलेली. हीच फाईल नव्या विंडोजवर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसत होती. दोघंही काही बोललो नाही.

इथे मात्र माझं डोकं फिरतं. जुन्या बायोसच्या वाटेनं विंडोज उठायच्या आधीच व्हायरस शिरायचे, एमबीआरला दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क झेपत नाही, सगळं कबूल. म्हणून इंटेलनं 2017 मध्येच सांगून टाकलं, 2020 पर्यंत सीएसएम काढून टाकणार. कितीतरी नव्या मशीनमध्ये तो पर्याय आता दिसतही नाही. पण अण्णांच्या पत्रिकेनं कुणाचं काय बिघडवलं होतं?

तेव्हा जुनी डिस्क कपाटात असेल, तर ती चालतेय तोवर फायली युनिकोडमध्ये उतरवून घ्या. सेटिंगला हात लावण्याआधी पडद्याचा फोटो काढा. यूईएफआयवर टाकलेलं विंडोज सीएसएमच्या वाटेनं उठत नाही. अडलात तर मला बोलवा. शकुंतला ऐकावी लागेल.